कडब्यावरचा फ्लेक्स

मंगळवार, सणसर. दिवेलागण झालीय.

आज एनडीएचा अर्ज पुन्हा भरला, भवानीनगरला जाऊन. घरी सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? मागच्या वेळी नुसती लेखी परीक्षा पास झाले, तर तात्याकाकांनी लगेच चौकात फ्लेक्स लावला. माझा भलामोठा फोटो, नावाआधी 'लेफ्टनंट'. अहो, मुलाखत राहिलीय अजून, म्हणून मी ओरडत होते. ऐकतंय कोण! मग मुलाखतीतून परत पाठवलं, आणि एसटीतून उतरले ती नेमकी त्या फ्लेक्सखालीच.

दुसऱ्या दिवशी आबांनी तो उतरवला. तेव्हापासून गोठ्यामागं कडब्यावर पांघरलाय. फोटो खाली, पांढरी पाठ वर. वैरण काढायला गेलं की रोज ती पाठ दिसते. बापाला आता माझं तोंडसुद्धा बघवत नाही, असंच मी धरून बसले होते. दुसरं काय समजायचं?

मघाशी ते धार काढत होते, तेव्हा सांगून टाकलं. "आबा, फारम परत भरलाय."

"बरं केलंस. तात्याला मातर आत्ताच सांगू नगंस."

बादलीतली धार थांबली नाही. मग मीच धीर केला. "कडब्यावर फ्लेक्स उलटा का टाकलाय?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"सुलटा टाकला तर उन्हानं फोटोचा रंग उडंल की. परत लावायचा हाय न्हवं?"