ग्रहण सुटताना पंप

८ सप्टेंबर, रात्रीचे दोन

शी. वैताग आला या कॅमेऱ्याचा. दहा वाजल्यापासून गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर ट्रायपॉड लावून बसलो होतो आणि वर नुसते ढग. सव्वाला उघडलं, तेव्हा चंद्राचा जरासा काठ काळा उरला होता. बटण दाबलं आणि खाली पंप सुरू झाला. टाकी थरथरायला लागली. चाळीस फोटो, सगळे हललेले.

कठड्यावरून ओरडलो, तर सेक्रेटरीकाका खालून म्हणाले, "ग्रहण सुटतंय ना, सगळ्यांना आंघोळी करायच्यात. टाकी नको भरायला?"

टाकीवर चढायची अक्कल कुणाची? माझीच. खाली अख्खं खरवई गाव मोकळं पडलं होतं.

घरी आई दारातच उभी. "कशाला हात लावू नकोस, आधी आंघोळ."

बादली भरलेलीच होती. त्याच पंपाच्या पाण्याने मुकाट्याने आंघोळ केली.