आमची जिजाबाई

मनीषनगर, नागपूर
११ जानेवारी

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? प्रशिकने आणलेला पट्टा तू गादीखाली ठेवून दिला असशील, मला माहीत आहे. तो पायाला बांधायचा असतो. इकडे अश्विन बरा आहे, माझी बँक चालू आहे. थंडी मात्र यंदा हाडात शिरली आहे.

फोन सोडून ही पोरगी पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि प्रशिक, वहिनी, शेजारची म्हातारी, अर्धं कन्हान ऐकतं. मला तुझ्या एकटीशी बोलायचं आहे. सोबत एक कादंबरी पाठवते आहे. जाड आहे, पण अक्षर मोठं आहे. सातवी पास बाईला जमेल.

गोष्ट अमेरिकेतली आहे, मराठीत आणलेली. पाऊणशे वर्षांपूर्वीची एक काळी बाई, गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणारी. त्यांची पोरं हिने वाढवायची आणि हिने मात्र मागच्या दाराने यायचं. आमच्या वाचनमंडळात सध्या याच पुस्तकाचा बोलबाला आहे. जी वाचते ती दुसरीला सांगते, वाच गं, रुमाल घेऊन बस. मीही बँकेत दोघींच्या मागे लागले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा रडले.

मंडळ म्हणजे आम्ही आठ-दहा बायका. शनिवारी दुपारी एका ताईंकडे जमतो. चहा, चिवडा, पुस्तक. ताई माणूस म्हणून चांगल्या आहेत. वाचतात खूप, बोलतात त्याहून जास्त.

मागच्या शनिवारी त्यांनी कादंबरीतला एक भाग मोठ्याने वाचला. त्या गोऱ्या घरात आधी मॅगी नावाची स्वयंपाकीण असते. ती जाते, ही नवी येते, आणि मालकीण म्हणते, आता नवं नाव कुठे पाठ करत बसू, तूही मॅगीच. वाचता वाचता ताईंनी चष्मा काढला. "बाई गं, नावसुद्धा राहू दिलं नाही त्या लोकांनी तिचं!" सगळ्या हळहळल्या. मग डोळे पुसत ताई म्हणाल्या, "मला आमची जिजाबाई आठवली."

हो आई. तेच घर. धंतोली, हिरवं फाटक, मागे जांभळाचं झाड. चारुशीलाताई.

रागावू नकोस. सहा महिने झाले. बँकेतल्या एकीने मंडळात ये म्हटलं, पत्ता सांगितला, आणि मी नको म्हणायच्या ऐवजी हो म्हणून बसले. मला ते घर पुढच्या दाराने बघायचं होतं. लहानपणी तुला घ्यायला यायचे तेव्हा जांभळाखालीच उभी राहायचे. एकदा बघू आणि सोडून देऊ, असं ठरवलं होतं. पण मला तिथे आवडायला लागलं. हेच तर वाईट आहे. ताई मला "आमची हुशार मिनल" म्हणतात. अश्विनचं आडनाव पाटील, तेवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. नागपुरात पाटील कोणीही असू शकतो. तुला जिजाबाई होती, मला पाटील आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता खरी गोष्ट सांगते. २५ तारखेला सीताबर्डीवर एका हॉलमध्ये मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आहे. हे पुस्तक का वाचावं, ते आम्ही लोकांना सांगायचं. आणि शेवटी ताईंना जिजाबाईचा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ, फोटो. "अकरा वर्षं तिने आमचं घर सांभाळलं. माझ्या नूपुरला भरवलं." कार्डसुद्धा छापून आलं: 'श्रीमती जिजाबाई, कन्हान'. आडनाव नाही, कारण ते कोणालाच माहीत नाही. आणि तुला शोधून आणायचं काम कोणाकडे, सांग बरं? "मिनल, तुझा भाऊ कन्हानला असतो ना? विचार गं त्याला."

इंदोऱ्यात, आपल्या लोकांच्या वस्तीत, राहतो हे लपवायला तू तेव्हा कन्हान सांगायचीस. आता खरोखरच कन्हानला जाऊन बसलीस. याला हसावं की काय करावं?

तू सांगायचीस ते सारखं आठवतं आहे. ताईंकडे आधी स्वयंपाकाला असलेल्या खऱ्या जिजाबाईचा पाय मोडला तेव्हा तिने तुला बदली पाठवलं. "द्वारके, आठ दिवस जाऊन पाह्य. आडनाव सांगू नको, इंदोरा सांगू नको. तुमच्यातलं कोणी चुलीजवळ चालत नाही त्याहिले." आणि ताई म्हणाल्या, दोन-दोन नावं कुठे लक्षात ठेवू, तूही जिजाबाईच. तुला ते बरंच पडलं. आठ दिवसांची अकरा वर्षं झाली. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचं पुरणसुद्धा तुझ्या हातचं गेलं तिथे.

तू आलीस तर मला समोर बघून ओळख दाखवशील का? नाही दाखवलीस तर मला सहन होईल का? आणि नाहीच आलीस तर मी काय सांगू, सापडली नाही म्हणून? स्वतःची आई? माझं कशात लक्ष नाही. तव्यावर पोळी जळते आणि मी बघत उभी असते. काय करू ते सांग.

तुझी
मिनल


कन्हान
१६ जानेवारी

चि. मिनल हिस आशीर्वाद आणि जयभीम.

पट्टा बांधला आहे. पुस्तकही वाचून झालं. सूनबाई म्हणते, आता तरी जेवा. ती मॅगी भली बाई आहे, पण फार सोसते. मी एवढं सोसलं नाही. मी जांभळं खायची आणि ताईंना सांगायची, पाखरांनी खाल्ली.

ताई वाईट नव्हत्या. एकदा मला ताप भरला तर त्यांनी रिक्षा बोलावून घरी पाठवलं. मी गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगितलं नाही. तापात पण तेवढं ध्यान ठेवावं लागायचं.

तू त्या घरी जातेस याचा मला राग नाही. पण तुला तिथे आवडतं हे वाचून मी पत्र घडी करून बाजूला सारलं. तो राग आहे की काय आहे, मला समजलं नाही.

आता सत्काराचं. कार्डावर जिजाबाई लिहिलं आहे तर जिजाबाईनेच जावं. ती उमरेडला लेकीकडे आहे, चांगली धडधाकट आहे. मी फोन केला तर म्हणते, "शाल भेटून राहिली तं काहून नाही जाऊ वं? तीन वर्सं मी बी राबली तिथं." तिला सांगून ठेवलं आहे की माझं नाव घेऊ नको आणि मिनलला ओळख दाखवू नको. तिने शब्द दिला आहे.

मी येणार नाही. गुडघ्याचं निमित्त सांगत नाही. त्या नावाने मला पुन्हा एकदा उभं राहायचं नाही. तेव्हा पोटासाठी राहिली. आता कशासाठी राहू?

तू काय करावं ते मी सांगणार नाही. मूठ तुझी आहे. झाकायची तर झाक, उघडायची तर उघड. फक्त मी सापडली नाही असं कोणाला सांगू नको, बेटा. मी हरवलेली नाही.

तुझी आई
द्वारका रुपराव गजभिये


मनीषनगर, नागपूर
२६ जानेवारी

प्रिय आई,

जयभीम. जिजामावशी आज सकाळच्या एसटीने उमरेडला गेली. शाल अंगावरच होती.

काल हॉल भरला होता. मावशी हिरवं लुगडं नेसून आली. ताईंनी तिला मिठीच मारली. "तशीच आहेस गं, जराही बदलली नाहीस!" मावशीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाटकात जायला हवं होतं तिने.

मग आम्ही पुस्तकाबद्दल बोललो. माझी पाळी आली तेव्हा मी फार छान बोलले. टाळ्या पडल्या. तुझं नाव न घेता खाली येऊन बसले. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

शेवटी सत्कार झाला. मावशीने शाल घेतली, नारळ काखेत मारला आणि माईक धरला. "ताई, बोलावलं, बरं केलं. पण मी तं तीनच वर्सं होती. नूपुरबाईले मी पाह्यलंच नाही. अकरा वर्सं ते दुसरी होती."

ताई हसल्या. "अगं, दुसरी कुठली? जिजाबाईच होती."

"मी बी जिजाबाई, ते बी जिजाबाई. तुम्हीच तं केलं!"

लोक हसले. त्यांना गंमत वाटली. ताईंचं हसू मात्र हळूहळू उतरलं. हातात कादंबरी होती, मॅगीच्या पानावर खूण घातलेली. त्यांनी विचारलं, "मग तिचं नाव काय होतं?"

मावशी म्हणाली, "ते मी नाही सांगत. ज्याले सांगायचं आहे ते सांगन."

मी उठले. जागेवरूनच म्हणाले, "द्वारका. माझी आई आहे ती."

"तुझी आई? आणि इतके दिवस बोलली नाहीस, वेडे?" ताईंना खरंच आनंद झाला होता, आई. मग सवयीने पुढचा प्रश्न आलाच. "आडनाव काय गं त्यांचं?"

"गजभिये. तेव्हा आम्ही इंदोऱ्याला होतो."

"म्हणजे महालक्ष्म्यांचा स्वयंपाक..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं गिळलं. पण माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

मला खूप राग आला. रडूही आलं. आणि त्यांचा चेहरा बघवेना, कारण तोंडातून काय निघालं ते त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं. त्या खुर्चीत बसल्या. पाणी द्यावं असं वाटलं आणि देऊ नये असंही वाटलं. शेवटी मावशीने दिलं.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालपासून साधा फोटोसुद्धा कोणी टाकला नाही. मघाशी ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "द्वारकाबाईंना भेटायला यायचं आहे मला. येऊ का, विचारशील?" मी विचारते म्हणाले. तू ये म्हटलंस तर त्या येतील, नको म्हटलंस तर नको. मी मध्ये बोलणार नाही. त्यांचं दार अकरा वर्षं तुला मागून उघडलं. तुझं उघडायचं की नाही, ते तू ठरव.

मी मात्र शनिवारी तिथे जाणार आहे. बाकीच्या आल्या नाहीत तरी जाणार. त्या घरी पुस्तकावर बोलायला मला आवडतं, आणि ते मी आता सोडणार नाही. हिरवं फाटक उघडून बेल वाजवीन. कोण आहे म्हणून आतून विचारलं तर काय सांगायचं, ते खाली लिहिते. एकदा तुझ्यासमोर लिहून बघते.

मिनल द्वारका गजभिये