आरशातली खुर्ची

३ मार्च

आज तालमीत पुन्हा तेच! कॉन्चेर्टोचा मधला संथ भाग सुरू झाला आणि ऑर्गन मागे पडला. गेल्या शतकातली रचना — एक ऑर्गन आणि आम्ही सगळे तारांवाले. संथ भागात आईचा ऑर्गन आणि माझा चेलो जोडीनं चालतात, म्हणजे ऑर्गनच ऐकू येतो. त्या आवाजात माझा चेलो कुणाच्या कानी पडणार!

काठीवाल्यांनी — आमच्या कंडक्टरना मी मनात हेच म्हणते — काठी आपटली. "ऑर्गन उशिरा येतोय, बाई!" सगळ्यांदेखत.

"हो हो, चुकलंच माझं," आई म्हणाली.

आई आणि चूक कबूल करते? हिनं जन्मात कधी केलीय!

५ मार्च

ऑर्गनचा सूर हलवता येत नाही, तारांनाच जुळवून घ्यावं लागतं. आमच्या घरातही हाच कायदा. माझ्या चहात साखर किती, हे अजून आई ठरवते.

ऑर्गनवर ती आमच्याकडे पाठ करून बसते. समोरच्या छोट्या आरशात काठी बघून वाजवायचं. मला वाटतं, तिला आता आरशातलं दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, "मला सगळं दिसतं. तू जेव."

८ मार्च

डाव्या हाताची दोन बोटं परत बधिर. थंडीनं असेल.

९ मार्च

शेजारची व्हायोलावाली हळूच म्हणाली, "आईंना आता घरी बसवा की!" राग आला. मग रडू आलं — कारण मलाही तेच वाटत होतं.

१२ मार्च

सांगून टाकलं. "आईला झेपत नाही, दुसरं कुणी बघा." काठीवाल्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. माझं नाही उतरलं. तिचा सगळा जन्म ऑर्गनच्या त्या बाकावर गेला, आणि मीच तिला उठवलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "आता तुझं कसं व्हायचं?"

टोमणाच! माझं काय व्हायचंय?

१५ मार्च

नवा ऑर्गनवाला बाकावर टेकतो न टेकतो तोच ओरडला, "आरसा कुणी वळवलाय? यात कंडक्टर दिसतच नाहीत, चेलोची खुर्ची दिसते!" सगळे हसले. मीही हसले.

संथ भाग आला. ऑर्गन अगदी वेळेवर. काठी थांबली.

"चेलो, मागे पडताय."

पुन्हा सुरुवात. पुन्हा काठी थांबली.

"चेलो!"

कुणी हसलं नाही. मी बोटांकडे बघत बसले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आईनं दार उघडलं. माझ्या हातातून चेलो घेतला आणि विचारलं, "बोटं कशी आहेत?"

बोटांचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.