धाकटीच्या दंडावरची माझी साखर

३ फेब्रुवारी

बटाटा बंद! केळं बंद. भात वाटीभर, तोही आधी काकडी चावून. आहारतज्ज्ञ पोरगी माझ्या लेकीहून लहान, पण बोलते अशी की जणू माझ्या आतड्यात राहून आलीय. रक्त दिलं, लाळ दिली, आणि सांगायला लाज वाटते तेही डबीत भरून दिलं. "मावशी, हा आहार जगात फक्त तुमच्यासाठी आहे." वा! जन्मात फक्त माझ्यासाठी म्हणून काही आलं, ते हे — उकडलेला कोबी.

दंडावर नाण्याएवढं यंत्र चिकटवलंय. साखर चढली की माझा फोन कोकलतो आणि लेकीचाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे म्हणे मी.

५ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. आम्ही जुळ्या, ती माझ्यामागून आली म्हणून धाकटी. "आज केक केला गं. आणि बटाटे तळले, कुरकुरीत!" माझ्या कोबीवर मीठ चोळायलाच फोन करते. कंबर मात्र माझ्या निम्मी. चेहरा एक, आवाज एक, माझ्या चष्म्यांच्या दुकानात मीच दोघींचे चष्मे बनवते, तर नंबरसुद्धा एक. मग हिलाच का सगळं पचतं?

आहारवाल्या पोरीला विचारलं. "जनुकं तीच, मावशी, पण पोटातले जिवाणू वेगळे. तोच भात तुमची साखर चढवेल, त्यांची तेवढी नाही." म्हणजे जिवाणूंनीही पक्षपात केला!

भावजी गेल्यापासून धाकटी एकटीच असते. स्वयंपाकात मन रमवते म्हणे. रमव बाई.

९ फेब्रुवारी

"आई, परत ब्रेड खाल्लास?" — लेक, थेट ऑफिसातून. आपल्याच घरात चोर झाले मी.

११ फेब्रुवारी

आज यंत्र बदलायचं होतं. नवं धाकटीच्या दंडावर लावून आले! शाळेत एकदा तिने माझं इंजेक्शन टोचून घेतलं होतं. आजही तशीच हसली. तिच्या फोनवर माझं खातं उघडून दिलं. काय खाल्लं तेही तीच लिहील.

नुसता चहा दिला. एवढं रांधते, ओटा लखलखीत, आणि मला एक तुकडा नाही. जेवून जा म्हणायलाही तोंड उघडलं नाही. चिकट मेली!

१२ फेब्रुवारी

तळलेले बटाटे. पोटभर.

१५ फेब्रुवारी

तिने लिहिलंय — सकाळी लोणी लावून ब्रेड, दुपारी भात आणि बटाटे, रात्री केक. आणि फोनवरची साखरेची रेघ? सरळ! चहाच्या वेळी एक इवलासा उंचवटा, बस. नुसता जळफळाट झाला. दुकानात कोणाशी धड बोलले नाही, एका गिऱ्हाइकाच्या काचा उलटसुलट बसवल्या. वर पोरीचा मेसेज: "कमाल मावशी! असंच चालू ठेवा." डोंबल चालू ठेवते!

१९ फेब्रुवारी

पोरीने दवाखान्यात बोलावून घेतलं. रेघ समोर धरली. "मावशी, शरीर कितीही चांगलं असो, केक खाल्ल्यावर साखर थोडी तरी हलते. यात लिहिलेलं जेवण कोणी जेवलेलंच नाही. तुम्ही उपाशी राहताय का?"

चोरी पकडली गेली असं वाटलं. काहीतरी थाप मारणार होते. मग तो लखलखीत ओटा डोळ्यांसमोर आला.

एवढे महिने धाकटी रोज फोनवर खोटी जेवणं वाढत होती. आणि मी तिचा हेवा करत होते. लाज वाटते मला माझी.

२० फेब्रुवारी

धाकटीकडे आहे. फ्रिजमध्ये दूध आणि अर्धं लिंबू. "एकटीसाठी काय मांडायचं गं?" म्हणाली. मी बटाटे तळले, समोर बसून खायला लावले. थोड्या वेळाने लेकीचा फोन — "आई, साखर चढली! काय खाल्लंस?"

मला रडूच आलं. चढली एकदाची!