अण्णांचं वाढलेलं आयुष्य

अल नहदा, शारजा
१२ जुलै २०२४

चि. सुजीत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन हल्ली सेक्रेटरी उचलतो, म्हणून पत्र. तुमच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची धूळधाण झाली, तरी तू ब्रिटनच्या संसदेत पुन्हा निवडून आलास. इथल्या उम्म अल कुवैनच्या गवंड्याचा पोरगा खासदार! प्रमिलाने मजलाभर शिरा वाटला.

मग आमच्या शुभ्राने तुझं विजयाचं भाषण लावलं. वडील साइटवर परांचीवरून पडून वारले आणि तू स्वतःच्या हिमतीवर वर आलास, असं तू सांगितलंस. अण्णा समोरच चाकाच्या खुर्चीत बसले होते. पडले हे खरं, पण वारले कधी रे? त्यांनी अर्थ विचारला, पोरीने सांगून टाकला. ते हसले, म्हणाले, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. जेवले मात्र नाहीत.

ते तुझी वाट बघतात. एकदा ये, आणि ते बोलणं मागे घे.

तुझा दादा,
सूर्यकांत


लंडन
२ ऑगस्ट २०२४

ती. दादास शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावू नकोस. उमेदवारीच्या मुलाखतीत मी फक्त अपघाताचं सांगत होतो. समोरच्यांनी अण्णा गेलेच असं धरलं, एका बाईंनी डोळे पुसले, आणि मी गप्प राहिलो. पुढे ते प्रचारपत्रकावर छापलं गेलं. त्यात म्हाताऱ्या आईबापांना परदेशातून इथे आणू देऊ नये, असं संसदेत मीच ठासून बोललोय. आता माझाच बाप जिवंत निघाला तर पेपरवाले सोलून काढतील. खासदारकी जाईल, दादा.

दिवाळीला नक्की येतो. तोवर शुभ्राला अण्णांचे फोटो फेसबुकवरून काढायला सांग. वहिनीला नमस्कार. अण्णांच्या पायांना माझ्या वतीने हात लाव.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
सुजीत


अल नहदा, शारजा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सुजीत यास आशीर्वाद.

दिवाळीला तुमच्या पक्षाला नेता निवडायचा होता, म्हणून तू आला नाहीस. अण्णांनी तुझ्या वाटच्या चकल्या डब्यात बाजूला काढायला लावल्या होत्या. नऊ तारखेला ते गेले. मी फोन केला, तर सेक्रेटरीने कोण वारलं म्हणून विचारलं. माझ्या तोंडून बाप हा शब्द निघेना. मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्रच तुला सांगतंय.

काल दहावा झाला. खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे जमले, पण शिवेनात. मी म्हणालो, सुजीत येईल. शुभ्राचं शिक्षण पुरं करीन म्हणालो. तरी एक पुढे येईना. ऊन चढलं, मला रडू फुटलं. शेवटी प्रमिलाने हात जोडले आणि म्हणाली, सुजीतचं आम्ही कुणाला काही कळू देणार नाही. तिचं बोलणं संपायच्या आत कावळा शिवला.

खरं सांगतो, मी एका पेपरवाल्याचा पत्ता शोधून ठेवला होता. आता माझं तोंड बांधलं गेलं. तू सुखाने खासदार राहा. फक्त डोकं भादरू नकोस, लोक विचारतील कोण गेलं म्हणून.

लोभ होता तो अण्णांचा. माझ्याकडे मागू नकोस.

सूर्यकांत