सुलतानचं वेळापत्रक

४ मार्च, सकाळी ७.१०
रिटायर होऊन सहा महिने झाले. घरात शिस्त लावायला कोणी उरलेलं नाही. आज संध्याकाळी मेहुणा कुत्र्याचं पिल्लू आणून देतोय. डॅशहुंड. अंग लांबलचक, पाय आखूड, वय अडीच महिने. मेहुणा फोनवर म्हणाला, भाऊजी, आणण्याआधी या जातीबद्दल जरा वाचून घ्या. मी म्हटलं, बस डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. साडेतीनशे ड्रायव्हर वेळेवर सोडलेत. हे चार बोटांच्या पायांचं काय घेऊन बसलास?
नाव ठरलं. सुलतान.

५ मार्च, सकाळी ६.००
वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. शू: ६.१०, ९.३०, १२.४५, ४.००, ७.१५. खाणं तीनदा. सोफा बंद. भुंकणं बंद. ही शाळेच्या लायब्ररीत कामाला निघताना ते वाचून हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

५ मार्च, सकाळी ६.४०
६.१० ला खाली नेलं. तीन मजले, लिफ्ट नाही. वीस मिनिटं उभा राहिलो. साहेबांनी नुसता वास घेतला. ६.३६ ला घराच्या उंबऱ्यावर केली. सव्वीस मिनिटं लेट. पहिला दिवस म्हणून सूट दिली.

११ मार्च
लस टोचायला नेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास माझी शाळा घेतली. या जातीचे मणके नाजूक. जिने नकोत, उंचावरून उडी नको. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मूळची बिळात घुसून शिकार करणारी जात, त्यामुळे हट्टी, उकरणारी, आणि आवाज अंगापेक्षा मोठा. शू शिकायलाही महिने लागतात म्हणे. मी म्हटलं, बाई, हट्ट म्हणजे काय ते मला सांगू नका. त्या म्हणाल्या, दिसतंयच.
वर एक माहितीपत्रक दिलं. घरी येईपर्यंत अर्धं संपलं. सुलतानने खाल्लं.

१९ मार्च
सुलतान म्हटलं तर ढिम्म. हिने स्वयंपाकघरातून शेंग अशी हाक मारली, तर कान उडवत धावला. मर्द कुत्र्याला शेंग! तीव्र निषेध नोंदवला. आजपासून घरात या शब्दाला बंदी.

२० मार्च, सायंकाळी ५.३०
बागेत पठ्ठ्या झुडपात घुसला. वीस मिनिटं बाहेर येईना. सुलतान, सुलतान करून घसा बसला. शेवटी आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच शेंग म्हटलं.
आला. हिला हे कळायची गरज नाही.

२ एप्रिल
तिन्ही कुंड्या उकरल्या. उशीचा कापूस घरभर. शेजारच्या मावशी म्हणाल्या, तुम्ही बाहेर पडलात की हा तासभर गळा काढतो. मी म्हटलं, रियाज करतो. मावशी हसल्या नाहीत.
वेळापत्रकात किरकोळ सुधारणा: भुंकणं माफक. शिवाय शू जेव्हा होते, तीच वेळ आता तक्त्यात लिहितो. या आठवड्यात वक्तशीरपणा शंभर टक्के. डेपोलासुद्धा हे कधी जमलं नव्हतं.

१५ एप्रिल
सोफा चालू केला. त्याने हट्ट केला म्हणून नव्हे, फरशी गार असते म्हणून. ही म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय आठवतंय ना? निदान उतरायला उतरती फळी तरी लावा. मी म्हटलं, उगाच बाऊ करू नकोस. जगात कुठलं कुत्रं फळीवरून उतरतं?

८ मे, दुपारी ३.२०
कुरिअरवाल्याने बेल वाजवली. सुलतानने सोफ्यावरून उडी घेतली आणि किंचाळला. असा आवाज त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. पुढचे पाय उठले, मागचे उठेनात. नुसते थरथरत होते. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. बरोबर आठवलं. चपला घालायच्या राहिल्या.
वर ३.२० लिहिलंय, तो अंदाज आहे. घड्याळ पाहिलं नव्हतं.

८ मे, संध्याकाळी
मणका वाचलाय. स्नायू दुखावला आहे. चार आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. वाटलं, डॉक्टरीणबाई झापतील. झापलं नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. झापलं असतं तर बरं झालं असतं.
चूक माझी नाही. बेल इतक्या जोरात वाजवतात का?
ही चष्मा लावून माझ्या तळपायातली काच काढत बसली.

१० मे
हल्ली पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसतो. त्याच्यासाठी नाही. तिथे पेपर वाचायला उजेड चांगला येतो. ही म्हणाली, त्या बाजूला खिडकीच नाही.

१८ मे
सोफ्याला उतरती फळी लावली. कल्पना माझीच.
सुलतानला पोटाशी धरून दिवसातून पाच वेळा तीन मजले उतरतो, चढतो. आज माझीच कंबर धरली. माझे डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका, जिने टाळा, आठवडाभर पडून राहा. हिने त्यांना विचारलं, या जातीत हे असतंच का?
आता त्याला ही उचलून नेते. फक्त आठवडाभर, असं बजावून सांगितलं आहे.

६ जून, सकाळी ८.०५
पिंजरा उघडला. आधी बसून राहिला. मग उठला, चालला, आणि चक्क पळाला. हिच्या डोळ्यांत पाणी. मी फक्त नोंद घेतली: मागचे पाय, दोन्ही, सेवेत रुजू.

१४ जून
ट्रेनिंग क्लासचा पहिला दिवस. मला गरज नव्हती, हिने नाव घातलं. शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. म्हणाली, काका, बस म्हणून दाखवा. मी म्हटलं, बस. सुलतानने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हटलं. तो एकदाच भुंकला. महिनाभराच्या सवयीने मी खाली त्याच्याशेजारी बसलो. पोरगी वहीत काहीतरी लिहीत म्हणाली, छान, एक जण तरी शिकलाय. पुढच्या रविवारी तुम्ही एकटे या, कुत्र्याला आणायची गरज नाही.
एकतीस वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता. येणार नाही, असं तिथल्या तिथे ठणकावलं.

२१ जून, रविवार, सकाळी ६.१५
क्लास सात वाजता आहे. शेंगेलाही घेऊन निघतोय. घरी ठेवला तर रडेल. ही म्हणाली, मी आहे ना घरी, तो कशाला रडतोय? रडाल तुम्ही.