बर्फाच्या नदीची ओटी

आई, सगळ्यात आधी आली ती हौगांगची. एवढ्या लांबनं एमआरटीच्या गाड्या बदलून आमच्या जुरोंग ईस्टला येते आणि तरी पहिली पोचते. बुओना व्हिस्टाची जवळ राहते, पण ती नटूनथटून शेवटी. वरच्या मजल्यावरची मधेच कधीतरी, घरातल्याच चपला घालून. सुनेच्या मैत्रिणी या तिघी. नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून मी त्यांना अशीच ओळखते. आमचे न्यूझीलंडचे फोटो बघायला आल्या होत्या. चहा ठेवायच्या आधीच हौगांगची म्हणते, "आजी, तो भिजलेला फोटो आधी दाखवा. आमचे हे विचारत होते, आजी बोटीतनं पडल्या का काय!" पडायला काय झालंय मला? सांगते तुला सगळं.

जायच्या आधी नातीनं मला फोनवर दाखवलं होतं. डोंगरांच्या डोक्यावर बर्फ, पण तो नुसता बर्फ नाही, ती बर्फाची नदी, हळूहळू सरकते. वितळली की तिचं पाणी कड्यावरनं थेट समुद्रात पडतं, कारण तिथे समुद्रच डोंगरांच्या फटीत आत शिरलाय. मी म्हटलं, अगबाई, म्हणजे जन्मली की लगेच सासरी! बिचारीला माहेरपणच नाही. मग तिची ओटी कोण भरतं? सगळे हसले. मी मात्र बॅगेत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घातलं. मुलगा सांगत होता, तिथे दाणापाणी आत घेऊ देत नाहीत. म्हटलं, ओटीला कोण अडवतंय? विमानतळावर अडवलं. मुलानं आधीच खरं सांगून टाकलं म्हणून दंड तेवढा वाचला. तिथली बाई भली होती. नारळाच्या शेंडीकडे जरा वेळ बघत राहिली, "सॉरी डिअर" म्हणाली आणि तांदळासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला. हिरवा खण तेवढा परत दिला.

ओटी म्हटली की मला तू दिसतेस ती आपल्या गावच्या घाटाच्या वरच्या पायरीवर. नदीला पूर आलाय, बायका ओटी भरायला निघाल्यात. ताट तूच लावलंयस. नारळ सोललास, तांदूळ निवडलेस, खणाची घडी घातलीस. आणि ते काकूच्या हातात देऊन तू मागे थांबतेस, कारण बाबा आदल्या वर्षी गेलेत. मी तुझा हात ओढते, तू पण चल की. तू माझ्या दंडाला चिमटा काढतेस. "गप उभी राहा. मला इथनं दिसतंय." मला तेव्हा वाटलं, हिला खरंच दिसत असेल. आमचे हे गेले तेव्हा कळलं. सून दर संक्रांतीला हळदीकुंकू करते. मी तिळाच्या वड्या थापते, वाणाच्या पिशव्या भरून देते आणि बायका आल्या की आतल्या खोलीत टीव्ही लावून बसते. कुणी जा म्हणत नाही गं, मीच जाते. दार उघडं ठेवते. तिथनं दिसतं.

तर ती सहल. अंधारात बसमध्ये बसलो, उजाडलं तसे दोन्हीकडे डोंगर, मान दुखेपर्यंत वर बघावं असे. मग डोंगराच्या पोटातलं बोगद्याचं भोक, आणि पलीकडे पाणी, काळंभोर, गप्प. बोट सुटायच्या आधीच तिच्यावरच्या पोरीनं बजावलं, पाण्यात काहीही टाकायचं नाही. म्हणजे खण सोडणंही गेलं! बोट धबधब्याच्या अगदी खाली नेतात. तुषार यायला लागले तशी माणसं काचेमागे पळाली. मुलगा दारातनं म्हणतो, "आई, आत ये. इथनंही दिसतंय."

"दिसतंय रे," मी म्हटलं, "पण मला इथनं बघायचं नाहीये."

कठडा धरत धरत पार पुढे गेले. मागनं नात ओरडतेय, "आजी, कम बॅक लाह, यू विल फ्रीझ!" मी रेनकोटाची चेन उघडली, पदर बाहेर काढला, त्यात खण ठेवला आणि दोन्ही हातांनी पसरला. द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. नदीलाच म्हटलं, मग तूच भर बाई माझी. आणि तिनं भरली की! बर्फाचं पाणी ते, दातांत कळ गेली, पदर भिजून असा जड झाला की खांदा ओढला गेला. चष्म्यातनं काही दिसेना. मी आपली हसतेय. तोच तो फोटो.

हे सांगून झालं आणि तिघी तो फोटो परत बघायला लागल्या. तेवढ्यात मी म्हणून टाकलं, "यंदाचं हळदीकुंकू मी करणार. मी तुम्हाला कुंकू लावणार, तुम्ही मला लावायचं. जिला चालेल तिनं यावं, जिला नाही तिच्यावर माझा राग नाही." सून ट्रे घेऊन तशीच उभी. बुओना व्हिस्टाची बांगड्यांशी खेळत बसली. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "आजी, माझ्या सासूबाई पुण्याहून आल्यात. त्यांना विचारावं लागेल." मी मान खाली घातली नाही. मग तीच म्हणाली, "नाही, विचारत नाही. त्यांनाच घेऊन येते. त्याही अशाच आत जाऊन बसतात." हौगांगची म्हणाली, "नारळ माझ्याकडनं. इथे कुणी डब्यात टाकत नाही!" बुओना व्हिस्टाची हसली आणि म्हणाली, "मी या वेळी सगळ्यांच्या आधी येते का नाही बघा." सून ट्रे ठेवत म्हणाली, "आई, मग पहिलं कुंकू तुम्हाला मी लावणार."

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येतं ते चौथीपुरतं, म्हणून पाकीट काही आणलेलं नाही. हे उशीखालीच राहील. एक मात्र सांगते, रागावू नकोस. बोटीत तुझ्यासाठी म्हणून पुढे गेले होते, पण पाणी अंगावर आलं तेव्हा तू आठवलीच नाहीस. नुसती मजा आली.

खण वाळलाय, काठाला थोडा रंग सुटलाय. तिघी येतो म्हणाल्यात, चौथीला घेऊन, येत्या शुक्रवारी.